वरच्या लीगची जागा

१२ जानेवारी

कोच सर काल कोल्हापूरला निघून गेले. किट बॅग, कुकर, मुलाची सायकल, सगळं एका टेम्पोत. जाताना म्हणाले, "अमृता, पगार यायचा नाही. तूही वेळेत निघ." मी नीट उत्तरसुद्धा दिलं नाही. अडचणीत टीम सोडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

आज नानांनी चितेगावला कारखान्यात बोलावलं. नानासाहेब आमचे मालक. गाड्यांचे सुटे भाग बनवतात. चार वर्षांपूर्वी त्यांनीच मुलींची फुटबॉल टीम काढली, देवगिरी रणरागिणी, कारखान्यामागं मैदान करून दिलं आणि मला कोच सरांच्या हाताखाली घेतलं. तोपर्यंत मी एका शाळेत कंत्राटावर पीटी शिकवत होते. म्हणजे शिट्टी वाजवत होते.

नाना म्हणाले, "आजपासून तू मॅनेजर बी अन् कोच बी. लोक म्हणतेत कारखाना बुडाला. बुडू दे. मैदान मी मायच्या नावावर करून ठेवलंय, मनकर्णाबाईंच्या. बँकेच्या हाती लागायचं नाय. कुणासाठी केलं? तुमच्यासाठीच ना?"

माझे डोळे भरून आले. घरी आईला सांगितलं. आई उस्मानपुऱ्यात पोरांची मेस चालवते, तिला हिशोबाशिवाय काही सुचत नाही. पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुमच्यासाठी करायचं व्हतं तं तुमच्या नावावर करायचं. मायच्या कशाला?"

तिला या गोष्टी कळत नाहीत.

कोचिंगच्या कोर्सला सांगितलं होतं की कोचनं रोज लिहावं आणि लिहिताना स्वतःशी खोटं बोलू नये. म्हणून ही सुरुवात.

२० जानेवारी

कंपनीचं दिवाळं निघाल्याचा अर्ज कोर्टानं घेतला. आता नानांच्या हातात काही नाही. कोर्टानं नेमलेला माणूस सगळं बघणार, कारखाना आणि त्याच्यासोबत टीमसुद्धा. जहागीरदार नाव. बारीक, इस्त्रीचा शर्ट, बोलताना समोरच्याकडं न बघता खिडकीकडं बघतात.

त्यांनी आम्हा सगळ्यांना कँटीनमध्ये बसवून सांगितलं. लीगमध्ये पहिल्या चारात आलो तर पुढच्या वर्षी वरच्या लीगमध्ये जागा मिळते. ती जागा विकत घेणारे लोक आहेत. पाचवे आलो तर विकण्यासारखं काहीच नाही, टीम बंद.

संस्कृतीनं हात वर केला. "सर, टीम विकली तर आम्हाला पण घेतील का?"

"घेणाऱ्यावर आहे," ते म्हणाले.

मी बाहेर आल्यावर मुलींना समजावलं की घेणारा टीम घेईल तर खेळाडू घेणारच. खेळाडूंशिवाय टीम म्हणजे काय, जाळी आणि बॉल?

३ फेब्रुवारी

आज वाईट दिवस. संस्कृती सोडून जाते म्हणाली.

ती आमची स्ट्रायकर. दौलताबादची. वडील राजेंद्रकाका किल्ल्याच्या पायथ्याशी गाडा लावतात, हिवाळ्यात पेरू, पावसाळ्यात कणसं. आमच्या टीममधले निम्मे गोल एकट्या तिचे. पळते तेव्हा मला स्वतःच्या विशीतल्या पायांची आठवण येते, आणि खरं सांगायचं तर थोडा राग पण येतो.

म्हणाली, "ताई, एप्रिलमध्ये पोलीस भरतीची मैदानी चाचणी हाय. मला फक्त त्याचीच तयारी करायचीय. पप्पा म्हणले, पगार नाय तं कशाला रोज चितेगावचं भाडं घालायचं? भरतीत नाय झालं तं लग्नाचं बघणारेत."

मी तिला सावलीत घेऊन बसले. म्हटलं, वरच्या लीगमध्ये गेलीस तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी सोपी जाते. म्हटलं, तू गेलीस तर बाकीच्या सगळ्यांचं नुकसान. म्हटलं, मी आहे ना.

कोट्याचं मला नक्की माहीत नाही. पण असेलच काहीतरी.

ती मातीत बुटाचं टोक रुतवत बसली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय तं थांबते."

नानांना फोन करून सांगितलं. खूष झाले. "तू माझी लेकच हायस," म्हणाले.

१७ फेब्रुवारी

सरावात संस्कृतीचा उजवा गुडघा मुरगळला. तास-दोन तासांत चांगलाच सुजला. फिजिओ डिसेंबरमध्येच गेला, तेव्हा बर्फ लावणं आणि पट्टी बांधणं माझ्याकडंच. सिडकोतल्या हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला आणि सहा आठवडे पूर्ण आराम सांगितला.

सहा आठवड्यांत लीग संपते.

नानांना विचारलं. ते म्हणाले, "डॉक्टर बदल."

२२ फेब्रुवारी

औरंगपुऱ्यातल्या एका डॉक्टरांकडं गेलो. जिना इतका अरुंद की संस्कृतीला एकेक पायरी मला धरून चढावी लागली. त्यांनी गुडघ्यात इंजेक्शन दिलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दुखायचं थांबेल, बरं नाही होणार. एमआरआय करून घ्या. हिला खेळवू नका."

डॉक्टर लोक स्वतःची जबाबदारी टाळायला असं बोलतातच. संस्कृतीनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, "जपून खेळायचं म्हणाले."

खाली आल्यावर तिला लस्सी पाजली. पायऱ्या उतरताना तिला काहीच दुखलं नाही. इतकी हसत होती! म्हणाली, "ताई, जादूच केली की!" मलाही बरं वाटलं.

१ मार्च

जिंकलो. संस्कृतीचे दोन गोल. आम्ही पाचव्या नंबरवर. जहागीरदार मॅच बघायला आले होते, सोबत पुण्याचे दोन पाहुणे. पाहुण्यांनी तिचे फोटो काढले. मी मनात म्हटलं, बघा, जागेसोबत पोरगी पण आवडली.

१५ मार्च

दुसरं इंजेक्शन. डॉक्टर द्यायला तयार नव्हते. मी सांगितलं की तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आहेत. रिपोर्ट काढलेच नाहीत. पण काढले असते तर नॉर्मलच आले असते, इतकी चांगली पळते आहे.

आई आज जेवताना म्हणाली, "त्या पोरीच्या जागी तू असतीस तं मी तुला घराबाहेर पडू दिलं नसतं."

म्हणूनच मी कुठं पोहोचले नाही, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

२९ मार्च

सगळं क्रमानं लिहून ठेवते.

शेवटची मॅच. जिंकलो तर चौथे, बरोबरी झाली तरी पाचवे. पहिल्या अर्ध्या वेळेत एक-एक.

मध्यंतरात संस्कृती बाकावर बसून पाय सरळ करत होती. चेहरा पांढरा. म्हणाली, "ताई, काढा मला. आत कायतरी सरकतंय. माझी चाचणी पंधरा दिवसावर हाय."

बदली म्हणून फक्त एक शाळकरी पोरगी होती. बाकीच्या पगार नाही म्हणून आल्याच नव्हत्या. मी संस्कृतीसमोर गुडघ्यावर बसले, पट्टी घट्ट केली आणि म्हटलं, "वीस मिनिटं. गोल झाला की लगेच काढते. शप्पथ."

अकराव्या मिनिटाला तिनं गोल केला. डाव्या पायानं, कोपऱ्यातून. पोरी तिच्या अंगावर पडल्या. तिनं त्या गर्दीतून माझ्याकडं बघितलं आणि हातानं खूण केली, काढा.

मी बोटांनी खूण केली, पाच मिनिटं. ती शाळकरी पोरगी आत गेली असती तर समोरच्यांनी चढून गोल मारला असता. कुठलाही कोच हेच करेल.

त्यानंतर एकदा वळताना संस्कृती पडली. कुणीही धक्का दिला नाही. तिची किंचाळी कारखान्याच्या गेटपर्यंत गेली, वॉचमन पळत आला.

मॅच जिंकलो. चौथे आलो.

तिला रिक्षातून घाटीत, सरकारी दवाखान्यात नेलं. राजेंद्रकाका तिथं आले, हात तसेच पेरूच्या गाड्यावरचे, मिठानं पांढरे. मला नमस्कार करून म्हणाले, "मॅडम, तुम्ही होत्या म्हणून बरं, नाय तं लेकरू एकटंच पडलं असतं."

३ एप्रिल

लिगामेंट पूर्ण तुटलंय. ऑपरेशन लागेल. भरतीचं राहिलं. मी तिला भेटायला गेले तर झोपली होती. म्हणजे डोळे मिटले होते. तिची आई म्हणाली, आत्ता तं जागी होती.

११ एप्रिल

जागा विकली गेली! पुण्याच्या कंपनीनं घेतली. मुलींना मीच सगळ्यात आधी कळवलं, ग्रुपवर फुलांचे गुच्छ आले.

दुपारी जहागीरदारांनी बोलावलं. मी पेढे घेऊनच गेले. त्यांनी पेढा घेतला नाही, शुगर आहे म्हणाले. मग सांगितलं की पुण्याच्या लोकांनी फक्त लीगमधली जागा घेतली आहे. नाव ते बदलणार. खेळाडू तिथलेच घेणार.

मी म्हटलं, "सर, पण टीम म्हणजे या मुलीच ना? यांनीच तर जागा मिळवली."

"हे बघा, जागा ही मालमत्ता आहे. खेळाडू हा बोजा आहे. मालमत्ता विकली जाते. बोजा कोणी विकत घेत नाही." अगदी शांतपणे बोलले. पंखा कमी करायला सांगावा तसं.

मी पेढ्यांचा डबा बंद केला. तेव्हा ते म्हणाले, "तुमचा विषय वेगळा आहे. नानासाहेबांनी तुमची शिफारस केली आहे. असिस्टंट कोच. फक्त एक अडचण आहे."

अडचण अशी की खेळाडूंच्या विम्याचा हप्ता ऑक्टोबरपासून भरलेलाच नव्हता. संस्कृतीच्या वडिलांनी उपचाराच्या खर्चासाठी जहागीरदारांकडं अर्ज दिला आहे. असं प्रकरण लोंबकळत असेल तर पुण्याचे लोक शेवटच्या सहीआधी मागं सरतील आणि जागेचा सौदाच मोडेल. मी प्रमुख म्हणून जबाब द्यायचा, की खेळाडूनं आधीची दुखापत कुणालाच सांगितली नव्हती आणि ती स्वतःच्या मर्जीनं खेळली.

मी विचार करून सांगते म्हटलं.

१२ एप्रिल

नानांचा फोन. "दोन ओळी लिहून दे, अमृता. तेवढ्यानं काय होतंय? पोरीचं ऑपरेशन मी करतो, खाजगीत, चांगल्या दवाखान्यात. माझा शब्द. अर्जाचं काय, चार वर्सं पडून राहील. माझ्याकडनं तिला आठ दिवसात भेटंल."

असा विचार केला तर जबाब देणंच तिच्या फायद्याचं.

सही केली.

आईला सांगितलं नाही.

२ मे

लिलाव होता. गोलपोस्ट, जाळ्या, बाक, रोलर. भंगारवाल्यानं गोलपोस्ट लोखंडाच्या भावानं घेतले. मुली शेवटचं मैदान बघायला आल्या होत्या. कुबड्या घेऊन संस्कृतीही आली. तिचा अर्ज परवाच फेटाळला गेला होता आणि तिला कारण सांगितलं होतं.

ती सरळ माझ्यासमोर आली. सगळ्या मुली बघत होत्या.

"मी सांगितलं नव्हतं का?"

मी म्हटलं, "संस्कृती, आपण बाजूला बोलू."

"इथंच बोला. मी काढा म्हणले नव्हते का? तुम्हीच दोन्ही टायमाला औरंगपुऱ्याला नेलं. डॉक्टर काय म्हणले होते, ते आज तरी खरं सांगा."

"तुझ्या भल्यासाठीच केलंय सगळं. नाना तुझं ऑपरेशन करणार आहेत."

"नाना?" ती हसली. तसं हसू मी तिच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. "पप्पा चार येळा जाऊन आले. गेटवरून वापस पाठवलं."

मी सांगितलं की नाना सध्या धावपळीत आहेत, मी स्वतः बोलते. ती वळली. गोलकीपरनं तिची दप्तरासारखी पाठीवरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावला आणि सगळ्या जणी तिच्या चालीनं, अगदी हळूहळू, गेटकडं गेल्या. माझ्याजवळ कुणी थांबलं नाही.

तिला आता राग आहे. ऑपरेशन झालं की कळेल.

मैदानावर मोजणीवाले आले होते. नानांचा मुलगा ऋतुराज त्यांना चुन्याच्या फक्कीनं रेषा मारायला सांगत होता. मला वाटलं नवीन मैदान आखतोय. विचारलं तर म्हणाला, "गोडाऊन. दोन मोठी अन् चार बारकी."

नानांना फोन लावला. उचलला नाही.

१० जून

पुणे. खोली बरी आहे. इथं मैदानावर हिरवं कृत्रिम गवत आहे आणि पाण्याच्या बाटल्यांना प्रत्येकीचं नाव. मुली इंग्रजीत बोलतात. पहिल्या दिवशी मी "इकडं या" म्हटलं तर दोघी एकमेकींकडं बघून हसल्या.

जुन्या ग्रुपवर दोन आठवडे कुणी काही टाकलं नव्हतं. आज कळलं की मुलींनी दुसरा ग्रुप केलाय. शाळकरी पोरीनं चुकून सांगितलं.

नानांना रोज एक मेसेज करते, ऑपरेशनचं. ते रोज सकाळी सुविचार पाठवतात, म्हणजे नंबर चालू आहे.

९ जुलै

नोकरी गेली.

मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. माझ्याहून लहान मुलगा, वागायला चांगला. समोर माझा जबाब होता, जहागीरदारांनी सौद्याच्या कागदांसोबत पाठवलेला. म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. यात तुम्ही लिहिलंय की खेळाडूच्या गुडघ्याला दुखापत आहे हे तुम्हाला कळलंच नाही. आम्ही त्या मॅचचं रेकॉर्डिंग बघितलं. ती पहिल्या मिनिटापासून लंगडतेय. ज्या कोचला हे दिसत नाही, तिच्या हातात आम्ही मुली कशा देणार?"

मी पटकन बोलून गेले. "मला दिसत होतं, सर. मला माहीत होतं."

त्यानं जबाबाकडं बघितलं, मग माझ्याकडं. कागद उलटा ठेवला. मग म्हणाला, "मग तर तुम्ही मुलींच्या जवळपाससुद्धा नको."

मी त्याला म्हटलं, वरच्या लीगची ही जागा आम्ही मिळवली आहे. तो म्हणाला, "आम्ही ती विकत घेतली आहे."

१३ जुलै

घरी. आई काही विचारत नाही, हे जास्त वाईट. मेसची पोरं ओळखीची आहेत, "दीदी, छुट्टी पे?" म्हणून विचारतात.

चितेगावला जाऊन आले. गोडाऊनचे पत्रे चढलेत. वॉचमन तोच आहे, पण त्यानं मला आत सोडलं नाही. म्हणाला, "नाना हायेत, पण तुमचं नाव सांगून ठेवलंय." मला वाटलं आत घ्या म्हणून सांगून ठेवलंय. एक पाऊल पुढं टाकलं, तर त्यानं हात आडवा केला.

रिक्षात विचार केला. सगळं त्या जबाबामुळं झालंय. त्याला उतारा म्हणून संस्कृतीनंच लिहून दिलं, की अमृता मॅडमनी मला थांबवलं होतं, मीच हट्टानं खेळले, तर पुण्याला पुन्हा अर्ज करता येईल. निदान दुसरीकडं कुठं तरी. ती नाही म्हणणार नाही. राग असेल, पण तिचा माझ्यावर जीव आहे. तिला मीच घडवलंय.

१६ जुलै

दौलताबादला गेले. किल्ल्याला शाळेची सहल आली होती, गाड्यांवर गर्दी होती. संस्कृती गाड्यामागं उंच स्टुलावर बसून निखाऱ्यांना वारा घालत होती. पाय बाजूच्या डब्यावर लांब केलेला. काका कणसं सोलून देत होते.

मला बघून ती उठली नाही. काकांनी मान फिरवली.

मी कसंबसं सांगितलं. नोकरी, जबाब, दोन ओळींची गरज. घरून टाइप करूनच नेलं होतं. मला वाटलं चिडेल, ओरडेल, त्याची मी तयारी केली होती. तिनं हात पुसला आणि विचारलं, "पेन हाय का?"

"आधी वाच तरी, संस्कृती."

"काय बी लिहिलेलं असू द्या."

कागद मांडीवर धरून तिनं सही केली. काळ्या बोटाचा डाग उमटला. कागद परत देताना म्हणाली, "आता जाता का? गिऱ्हाईक थांबलंय."

मी तिथून निघाले. बस लवकर मिळाली, बसायला जागापण मिळाली. शहागंजला उतरून कागदाचा फोटो काढून पुण्याला पाठवला. बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "दौलताबादला गेली व्हतीस ना? कसा हाय त्या पोरीचा पाय? ऑपरेशन झालं का?"

मी चपला काढल्या. हे मी संस्कृतीला विचारलंच नव्हतं.